पाळण्यातून दिसलेला डोंगर

रेश्मा पार्टेचं माहेर आणि सासर समोरासमोर होतं, आणि तेच तिच्या जिवाचं दुखणं होतं. मधे खोल घळ, घळीच्या तळाशी ओढा. सडेवाडीतल्या आपल्या अंगणात ती उभी राहिली की पलीकडे कोंडवाडीची नऊ घरं दिसायची. त्यातलं कडेचं तिच्या माहेरचं. आये सुपात तांदूळ पाखडताना दिसायची, दिनेशदादा गुरं सोडताना दिसायचा. वारा पडलेला असला तर हाकही ऐकू जायची. पण जायचं म्हटलं तर पायवाटेने उतरून चढायला दीड तास आणि गाडीने बावीस किलोमीटर. वीस वर्षांपूर्वी लग्न ठरवताना बाप म्हणाला होता, पोरगी नजरेसमोर राहील. राहिली खरी. पण नजरेसमोरचं माणूस हाताला लागत नसलं की जीव कसा टांगणीला लागतो, हे बापाला कुठून कळणार?

त्यातून रेश्माचा स्वभाव मुळात घायकुता. गावात तिचं मोटारी बांधायचं दुकान होतं. पाण्याच्या पंपाची जळलेली मोटर असो की ई-स्कूटरची, ती उघडून, तांब्याची तार नव्याने गुंडाळून चालू करून द्यायची. हात कामात असले की ठीक. रिकामे झाले की ती अंगणात येऊन समोर बघत बसायची. आणि गेल्या वर्षापासून, म्हणजे दोन हजार चाळीसच्या श्रावणापासून, ती घराकडे बघत नव्हती. घरामागच्या डोंगराकडे बघत होती.

त्या श्रावणात दोन खोरी पलीकडे एका वाडीवर डोंगर उतरला होता. सकाळी होती ती वाडी दुपारी नव्हती. कोंडवाडीच्या मागेही तसाच सरळ चढ, वर काळा कातळ. रेश्मा दिवसातून तीनदा फोन करून दिनेशला विचारायची, झऱ्याला गढूळ पाणी आलं का, भिंतीला चीर दिसते का. दिनेश वैतागून म्हणायचा की या डोंगराखाली आपले पणजोबा म्हातारे होऊन मेले, तू आम्हाला आत्ताच कशाला मारतेस.

मग एक दिवस तिला ‘सूक्ष्मचाल’ सापडला.

हा प्रोग्राम त्या वर्षीपासून सगळ्यांना फुकट मिळायला लागला होता. त्यातली कल्पना साधी होती. दरड अचानक पडते असं आपण म्हणतो, पण पडण्याआधी कित्येक दिवस, कधी महिने, डोंगर सरकत असतो. दिवसाला मिलिमीटर, दोन मिलिमीटर. डोळ्यांना ते कळत नाही. पण एकाच जागेवरून रोज फोटो काढले, तर प्रोग्राम त्यातले दगडांचे कोपरे, झाडांचे बुंधे, कौलांच्या कडा असे हजारो ठिपके धरतो आणि कालच्या फोटोशी ताडून बघतो. एखादा ठिपका फसवेल, पानाआड जाईल, ओला होऊन वेगळा दिसेल. पण हजारोंची सरासरी काढली की चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि खरं सरकणं तेवढं उरतं. मग तो ते हजारपट मोठं करून पडद्यावर दाखवतो. स्थिर ते हिरवं, सरकतं ते लाल.

अट अशी की कॅमेरा रोज त्याच वाटेने, त्याच उंचीवरून गेला पाहिजे. ड्रोन वाऱ्याने हातभर इकडेतिकडे होतो, आणि पावसात तर तो उडवायलाच नको. उपग्रहाला ढगांखालचा आणि झाडांआडचा चढ इतका बारकाईने दिसत नाही. रेश्माने समोरच्या घळीकडे बघितलं आणि तिच्या डोक्यात आलं, की इथे तार बांधली तर?

तार तिने जुन्या पाणीयोजनेच्या भंगारातून आणली, सहा मिलिमीटरची पोलादी. तिच्यावरून धावायला ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा एक सांगाडा केला. गाव त्याला पाळणा म्हणायला लागलं. वर खाचेच्या दोन कप्प्या, पुढे-मागे तोंड करून दोन कॅमेरे, आणि पाळणा हेलकावला तरी कॅमेरा सरळ राहावा म्हणून मोडक्या ड्रोनमधला तोल सांभाळणारा भाग. ओढायला स्कूटरची मोटर आणि तारेवर टेकलेलं रबरी चाक. घळीतून चार जणांनी आधी नायलॉनची दोरी पलीकडे नेली, दोरीला बांधून तार ओढली, आणि दिनेशने ती कातळात ठोकलेल्या पहारीला गुंडाळली. गुंडाळता गुंडाळता त्याने फोनवर विचारलं की या वयात झोके घ्यायचेत का तुला.

पहिल्याच फेरीला पाळणा बरोबर मधोमध जाऊन अडकला. दवाने तार ओली होती आणि रबरी चाक जागच्या जागी गरगरत होतं. अख्खी सडेवाडी बघायला जमलेली. हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. रेश्माने पाळण्याला मागे बांधलेल्या दोरीने तो ओढून घेतला, तारेच्या खालून दुसरं चाक लावलं आणि स्कूटरची स्प्रिंग घालून दोन्ही चाकांत तार चिमटीत धरली. दुसऱ्या दिवशी पाळणा पलीकडे जाऊन परतही आला. फोटोत आये दारात उभी राहून हात हलवत होती.

फोटो ताडायला प्रोग्राम तीन अचल बिंदू मागतो. म्हणजे अशी तीन ठिकाणं जी हलत नाहीत, जिथून बाकी सगळं मोजायचं. मागचा कॅमेरा त्यांच्यासाठीच होता. आता सडेवाडीत कुणालाही विचारा, न हलणारं काय, तर उत्तर एकच: वाघजाईचा धोंडा. गावाच्या वरच्या अंगाला पुरुषभर उंचीचा शेंदूर लावलेला खडक. शेताच्या हद्दी त्याच्यापासून पावलं टाकून मोजायच्या, भांडणात शपथ त्याच्यावर हात ठेवून घ्यायची. रेश्माचा नवरा सहदेव त्या देवीचा मानकरी. रेश्माने धोंड्याला गोणपाट बांधून त्यावरून तार गुंडाळली होतीच, आणि पहिला बिंदू म्हणून तोच निवडला. दुसरा शेजारच्या देवळाची पायरी, तिसरा त्याच्या खालची सिमेंटची पाण्याची टाकी. यावर विचार करायला तिला अर्धं मिनिटही लागलं नाही.

आषाढात फोनचा पडदा लाल झाला. तीन आठवड्यांत अकरा मिलिमीटर, आणि नुसता एखादा पट्टा नव्हे तर कोंडवाडीचा आख्खा चढ. रेश्मा भर पावसात घळ उतरून माहेरी गेली.

दिनेशने पडदा बघितला आणि फोन तिच्या हातात परत दिला. “डोंगर माझ्या घरामागं हाय, रेश्मे. तुझ्या फोनात नाय.”

तिने समजावलं, रडली, भांडली. शेवटी सांगितलं की तुम्ही इथून हलला नाहीत तर मी या घराची पायरी पुन्हा चढणार नाही. आयेने उठून गाठोडं बांधायला घेतलं आणि ती म्हणाली, पोरगी एवढा जीव टाकतेय तर चला. म्हातारी निघाली म्हणून दिनेश निघाला, आणि दिनेश निघाला म्हणून बाकीची आठ घरं निघाली. तालुक्याच्या साहेबांनी लाल पडदा बघून सुरक्षित स्थळी स्थलांतर असं कागदावर लिहून दिलं. सुरक्षित स्थळ म्हणजे सडेवाडी. एकतीस माणसं, गुरं, कोंबड्या, सगळं तिकडून इकडे आलं.

पहिले आठ दिवस पाहुणचाराचे गेले. मग पाहुण्यांचा भार व्हायला लागला, तो कुणाला होत नाही? शाळेच्या खोल्यांत माणसं, रेश्माच्या घरात भावाचा संसार, एका चुलीवर दोन घरांच्या चवी. आणि समोर कोंडवाडी जशीच्या तशी उभी. कौलही हललं नव्हतं. पारावर थट्टा सुरू झाली की रेश्माचा डोंगर निघालाय म्हणे, पण एसटी चुकलीय. दिनेश दिवस दिवस रेश्माच्या ओट्यावर बसून समोर आपल्या घराकडे टक लावायचा. रेश्माला वाटायचं, हा मनातून मला शिव्या घालतोय. तिला जेवण जाईना. ती सकाळ-दुपार पाळणा सोडायची, आकडे बघायची, पुन्हा दुकानात, पुन्हा अंगणात. तार सैल पडत होती. नवी बांधलेली तार ओढ खाऊन ताणतेच, असं म्हणत तिने पाच वेळा पान्याने ती आवळली. लाल रंग गडद होत होता. लोकांना मात्र काहीच दिसत नव्हतं, आणि त्यांना घरी जायचं होतं.

किती सरकलं हे प्रोग्राम लवकर सांगतो, पण कुठल्या दिशेने हे ठरवायला त्याला साठ स्वच्छ फेऱ्या लागतात. धुक्यात निम्म्या फेऱ्या वाया जात होत्या. त्यामुळे बाण उमटायला भाद्रपद लागला. त्या सकाळी रेश्मा दुकानाच्या पायरीवर पडदा घेऊन बसली होती, शेजारी आये शेंगा सोलत होती. म्हातारीला आकडे कळत नव्हते. चित्र मात्र दिसत होतं.

“ह्ये बाण वर तोंड करून का गो?” आयेने विचारलं. “दरड वर चढतीय काय?”

रेश्मा हसली. म्हणाली, आये, तसं नसतं. आणि मग तिने नीट बघितलं. सगळे बाण वर होते. घराचे वर, झाडांचे वर, आणि ज्याला कुणीच धक्का लावू शकत नाही त्या काळ्या कातळाचेही वर, सगळे सारख्याच लांबीचे. सरकता डोंगर तुकड्यातुकड्याने सरकतो. मधे जास्त, कडेला कमी. हा आख्खा डोंगर एकसंध उचलल्यासारखा वर चालला होता. एसटीच्या स्टँडवर आपली गाडी मागे सरकायला लागते आणि शेजारची पुढे निघाल्यासारखी वाटते, तसं.

प्रोग्रामने न हलणारे तीन बिंदू मागितल्यावर तिने तिन्ही आपल्याच गावातले दिले होते. तिन्ही एकाच उतारावरचे.

तिने ते काढून टाकले, समोरच्या कातळातले तीन निवडले आणि पहिल्या दिवसापासूनचे सगळे फोटो पुन्हा ताडायला लावले. प्रोग्रामला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात ती अंगणात किती फेऱ्या मारून आली याची गणती नाही. परत आली तेव्हा कोंडवाडी हिरवीगार होती. आणि मागच्या कॅमेऱ्यातलं आपलं गाव लाल होतं: धोंडा, देऊळ, टाकी, शाळा, तिचं स्वतःचं घर. एकूण सोळा सेंटिमीटर खाली. गेल्या आठवड्यात दिवसाला नऊ मिलिमीटर. सगळी वाडी एका थाळीत ठेवल्यासारखी सरकत होती, म्हणून कुठल्याच भिंतीला चीर नव्हती. तार ताणली गेलीच नव्हती. तिची दोन टोकं जवळ येत होती.

माहेरची एकतीस माणसं तिने मरणाच्या दारातून काढली नव्हती. हाताला धरून तिथे आणून बसवली होती.

तिने आधी सहदेवला सांगितलं. सहदेव अबोल माणूस. धोंडा हललाय हे वाक्य मानकऱ्याच्या घरात बोलायचं नसतं, पण ती ते बोलली. त्याने पडदा बघितला नाही, तिच्या तोंडाकडे बघितलं. मग काठी घेतली, दिनेशला हाक मारली आणि दोघे मेहुणे गावाच्या वरच्या रानात गेले. पावसाळ्यात तिथे कुणी फिरकत नाही. दोन तासांनी परतले तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि सहदेवच्या हातात काठी नव्हती.

“कारवीत भेग हाय,” तो म्हणाला. “हातभर रुंद, लांब कुठवर गेलीय ठाव नाय. काठी घालून बघितली तर सुटली. खाली पडल्याचा आवाज आला नाय.”

दुपारी देवळापुढे दोन्ही वाड्या जमल्या. रेश्मा उभी राहिली आणि सरळ म्हणाली की मी चुकले, समोरचा डोंगर हलत नव्हता, आपण हलत होतो. मग जे व्हायचं ते झालं. कोंडवाडीची एक म्हातारी तिला म्हणाली, बरी घरं सोडायला लावलीस आणि इथं आणून घातलंस. ते खरंच होतं, म्हणून रेश्माने खाली मान घातली. सडेवाडीचे जाणते म्हणाले, की पहिल्यांदा चुकली ती दुसऱ्यांदा बरोबर कशावरून? आपण देवीला कौल लावू. फुलं चिकटवायची, उजवं पडतं की डावं ते बघायचं, रीतीप्रमाणे दोन दिवस. रेश्मा काकुळतीला आली होती. दोन दिवस नाहीत हो, एवढंच ती म्हणत राहिली.

सहदेव देवळात गेला आणि देवीचा चांदीचा मुखवटा फडक्यात गुंडाळून बाहेर आला.

“कौल घेतलाय,” तो म्हणाला. “वर रानात जाऊन घेतलाय.” आणि मुखवटा छातीशी धरून तो रस्त्याला लागला.

देवीच निघाल्यावर कोण थांबणार? घळीतून जायचं नाही, रस्त्यानेच जायचं, असं ओरडत रेश्मा टोकापासून टोकापर्यंत पळत होती. दुधाचा टेम्पो, दोन जीपगाड्या आणि नंतर आलेली एसटी यांच्या खेपा झाल्या, गुरं मागून चालत नेली. दिवस मावळायच्या आत दोनशेच्या वर माणसं कोंडवाडीच्या नऊ घरांत, गोठ्यांत आणि मांडवाखाली आली. दिनेशने आपली आतली खोली सहदेवच्या आईला दिली आणि स्वतः गोठ्यात पथारी टाकली. एवढं होऊनही तो रेश्माशी एक शब्द बोलला नव्हता.

मग वाट बघणं सुरू झालं. रेश्मा आता पाळणा या बाजूने सोडत होती. पहिल्या दिवशी नऊ. दुसऱ्या दिवशी आठ. मग पाऊस उघडला, छान ऊन पडलं आणि आकडा पाचावर आला, मग तीनावर. सडेवाडी समोर उन्हात न्हाऊन निघालेली दिसत होती. तिचं दुकान दिसत होतं, घाईत कुलूप लावायचं राहून गेलेलं. पुरुष म्हणायला लागले की भाताला खत द्यायचंय, म्हशी दुसऱ्याच्या गोठ्यात पान्हा चोरतात. पाचव्या दिवशी दोघे तिघे रेश्माची नजर चुकवून घळीतून जाऊन आले आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगत सुटले. सहाव्या दिवशी ठरलं, परवा परतायचं. सहदेवला कुणी विचारलंच नाही.

रेश्माला बसवेना, उभं राहवेना. ती अंगणाच्या कडेला येऊन समोर बघायची आणि जे तिच्या मनात यायचं त्याची तिला स्वतःचीच भीती वाटायची. ते घर सहदेवच्या आजाने बांधलेलं. तिची दोन्ही मुलं त्यात जन्मली. आणि ती मनात म्हणत होती, पड. एकदाचं पड. हे परत जायच्या आत पड. आपण खोटे पडू नये म्हणून चाळीस घरं पडावीत असं वाटणाऱ्या बाईला काय म्हणायचं, हे तिला कळत नव्हतं. ती उठून आत जायची, भांडी घासायची, पुन्हा बाहेर यायची.

सातव्या दिवशी सकाळी पाऊस परतला. दहाच्या फेरीला आकडा चाळीस आला, अकराच्या फेरीला प्रोग्रामला ठिपकेच सापडेनात. तिने सगळ्यांना अंगणात बोलावलं. आधी वरच्या रानातली झाडं एकमेकांवर कलली. मग आवाज आला, आणि पूर्ण गाव, जसं होतं तसं, घरं, पार, शाळा, न मोडता थोडं खाली आलं, आणि नंतर मोडलं. मिनिटभरात घळीत चिखल उकळत होता आणि समोर लाल मातीचा उघडा उतार होता. माणसं मोजली. दोनदा मोजली. सगळी होती.

बायकांनी हंबरडा फोडला. सहदेव मुखवटा मांडीवर घेऊन खांबाला टेकून बसला, त्याला हलवलं तरी तो हलेना. आणि रेश्मा गोठ्यामागे जाऊन गवताच्या पेंढीवर बसली, कारण तिला रडू येत नव्हतं. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखा मोकळा श्वास येत होता, आणि त्या मोकळ्या श्वासाची तिला किळस येत होती.

दिनेश तिला शोधत तिथे आला. तो काही बोलायच्या आत तिनेच सांगून टाकलं.

“दादा, मी वाट बघत होते. सात दिवस. माझं घर पडावं म्हणून.”

दिनेशने पेंढी सारखी केली आणि तो शेजारी बसला.

“मी दीड महिना बघत व्हतो,” तो म्हणाला. “तुझ्या ओट्यावर बसून. माझं पडावं म्हणून.”

तिने त्याच्याकडे बघितलं.

“लोक तुला हसत व्हते ना,” दिनेश म्हणाला. मग तो उठला, कारण आत दोनशे माणसांचं जेवण व्हायचं होतं, आणि तिला हात देऊन त्याने उभं केलं.